एकोणीस दुरुस्त्या

२०३५ च्या जूनपासून नववीच्या इंग्रजीत वीस गुणांचा एक नवा भाग आला. पडद्यावर आलेला मजकूर कुणी लिहिला असेल, कशासाठी लिहिला असेल आणि तो आपल्यापर्यंत कसा पोचला, हे मुलांनी शोधायला शिकायचं होतं. तालुक्यातल्या बहुतेक शिक्षकांनी कपाळाला हात लावला. गडहिंग्लजच्या हेमलता बुगडे मॅडमनी मात्र मे महिन्यातच त्याचं प्रशिक्षण पूर्ण केलं आणि परत येऊन बाकीच्या चौघांना शिकवलं.

मॅडम चौपन्न वर्षांच्या होत्या आणि एकोणतीस वर्षं एकाच शाळेत इंग्रजी शिकवत होत्या. मराठी माध्यमाची अनुदानित शाळा, मुलं आसपासच्या खेड्यांतली. तरी त्यांच्या हाताखालून गेलेला मुलगा अर्ज लिहायला बसला की बँकेतला साहेब विचारायचा, "बुगडे मॅडमचा का?" या प्रश्नाचा त्यांना फार अभिमान होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी वर्गाला 'उगम' दाखवलं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेनं तयार केलेली ती प्रणाली भिंतीवरच्या पडद्यावर चालायची.

"आपल्याला सर्दी होते," मॅडमनी सुरुवात केली, "तेव्हा तिचा विषाणू आपल्या शरीरात स्वतःच्या लाखो नकला करतो. नकला करताना त्याच्याकडून बारीकसारीक चुका होतात. माझी सर्दी तुला झाली, तर माझ्या विषाणूतली चूक तुझ्याकडे येते. मग शास्त्रज्ञ चुका जुळवून बघतात आणि सांगतात, ही साथ कुठून कुठे गेली. मेसेजचंही तसंच होतं. पुढे पाठवताना कुणी स्वल्पविराम गाळतो, कुणी गावाचं नाव बदलतो, कुणी खाली हात जोडलेलं चित्र चिकटवतो. ज्या दोन प्रतींत एकच चूक, त्या एकाच घराण्यातल्या."

चार वर्षांपासून लोक आपल्या जुन्या फोनमधले फिरते मेसेज संस्थेला दान करत होते. त्यातली नावं आणि नंबर आधीच पुसले जायचे. उरायचा फक्त मजकूर आणि वेळ. अशा कोट्यवधी प्रती जुळवून 'उगम' एखाद्या अफवेची वंशावळ काढायचं. शिवाय ते लिहिणाऱ्याची हातखूण ओळखायचं. हातखूण म्हणजे माणसाच्या लिहिण्याच्या सवयी: तो वाक्य केवढं लांबवतो, विराम कुठे घेतो, कोणते बारके शब्द त्याच्या नकळत पुन्हा पुन्हा येतात.

"म्हणजे नाव सांगतं का मॅडम?" इशान मगदूमनं विचारलं.

"नाव कायद्यानंच सांगता येत नाही. लिखाण कोणत्या वळणाचं आहे, एवढंच सांगतं."

मुलांचे गट पडले. प्रत्येक गटानं एक मेसेज निवडायचा होता. आर्वी नाईकवाडी उभी राहिली. ही अबोल मुलगी होती, वर्गात सहसा स्वतःहून बोलायची नाही.

"आमच्या गटाला 'निदान' लॅबचा मेसेज घ्यायचाय."

सगळ्यांना तो मेसेज माहीत होता. आर्वीची आत्या शैलजा नाईकवाडी हिची कडगाव रोडला 'निदान' नावाची रक्त तपासायची लॅब होती. सहा वर्षांपूर्वी एक इंग्रजी मेसेज तालुकाभर फिरला. लॅबचे रिपोर्ट खोटे असतात, त्यापायी एक बाई दगावली, असं त्यात होतं. चौकशी झाली, काही निघालं नाही. तोवर लॅबला कुलूप लागलं होतं आणि शैलजा बेळगावला नोकरीला निघून गेली होती.

"फार जुना आहे गं तो," मॅडम म्हणाल्या. "काहीतरी ताजं घ्या."

"जुना असला की प्रती जास्त मिळतात, असं तुम्हीच सांगितलंत."

"तुझ्या घरचा विषय आहे. तुला त्रास होईल."

"त्रास होऊन गेलाय मॅडम. कुणी केला ते तर बघू दे."

यावर मॅडमना नाही म्हणता आलं नाही. म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

*

२०२९ च्या ऑगस्टमधली ती एक मंगळवारची संध्याकाळ होती. कुकर लावून मॅडम ओट्याशी फोन बघत उभ्या होत्या. शाळेच्या स्टाफ ग्रुपवर पीटीच्या सरांनी तो मेसेज टाकला होता. 'इट इज इन्फॉर्म टू ऑल' अशी त्याची सुरुवात होती आणि पुढेही सगळा तसलाच कारभार. वाचताना मॅडमना हसू आलं. मग त्यांची बोटं आपोआप चालायला लागली. तीन शिट्ट्या होईपर्यंत त्यांनी मेसेज नीट केला. 'इट हॅज कम टु अवर नोटिस, विथ डीप रिग्रेट' असं भारदस्त पहिलं वाक्य बसवलं. तुटक वाक्यं जोडली, एका ठिकाणी अर्धविराम दिला. मग वर एक ओळ लिहिली, 'निदान अफवा तरी शुद्ध इंग्रजीत पसरवा!', आणि तो ग्रुपवर टाकला. अकरा जणांनी हसरे चेहरे पाठवले.

लॅब कुणाची आहे हे त्यांना माहीत होतं. शैलजा त्यांचीच विद्यार्थिनी, दहावीला शाळेत इंग्रजीत पहिली आलेली. तिच्याबद्दल त्यांच्या मनात काहीच वाकडं नव्हतं. त्या वेळी त्या तिच्याबद्दल विचारच करत नव्हत्या, फक्त वाक्यांबद्दल करत होत्या.

तीन दिवसांनी तोच मेसेज त्यांना निपाणीच्या जावेकडून आला. वरची थट्टेची ओळ कुणीतरी काढून टाकली होती. खाली आरोग्य कार्यालयाचं नाव चिकटलं होतं. मधली सहा वाक्यं मात्र त्यांची होती, अर्धविरामासकट. त्यांनी स्टाफ ग्रुपवरचा आपला मेसेज पुसून टाकला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

नवव्या दिवशी शैलजा घरी आली. तिच्या हातात मेसेजचा छापील कागद होता.

"मॅडम, हे सरकारी आहे असं लोकांना वाटतंय. तुम्ही बघून सांगा ना, हे कुणी लिहिलं असेल. तुम्ही दोन शब्द बोललात तर लोक ऐकतील."

मॅडमनी चष्मा लावला. स्वतःचीच वाक्यं, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी, शेवटपर्यंत वाचली.

"भाषा तर चांगली आहे," त्या म्हणाल्या. "कुणा शिकलेल्या माणसाचं काम दिसतंय. मी यावर काय बोलणार, शैलजा?"

शैलजानं कागदाची घडी घातली. चहा संपवला. निघताना ती वाकून पाया पडली, आणि मॅडमनी तिला 'सुखी राहा' म्हटलं.

*

आठवड्याभरात मुलांनी वंशावळ काढली. पडद्यावर ती आडव्या पडलेल्या झाडासारखी दिसत होती. सात हजार दोनशे प्रती मिळाल्या होत्या.

"ही बघा सुरुवात," आर्वी सांगत होती. तिचा आवाज स्थिर होता. "हा चुकीच्या इंग्रजीतला मेसेज. चाळीस जणांकडे गेला आणि तिथंच थांबला. कुणी मनावर घेतलं नाही. मग ऑगस्टच्या चौदा तारखेच्या संध्याकाळनंतर ही नवी फांदी फुटते. एका प्रतीतून दुसरी होताना एरवी एखाददुसरा बदल होतो. इथं एकदम एकोणीस बदल आहेत. आणि एकोणीसच्या एकोणीस दुरुस्त्या आहेत."

"आणि पुढच्या सगळ्या प्रती हिच्याच?" कुणीतरी विचारलं.

"सगळ्या. जुन्या मेसेजला हिच्याशिवाय दुसरा वंशज नाही."

इशान म्हणाला, "म्हणजे खोटं आधीपासूनच होतं. पण चांगल्या इंग्रजीत आल्यावर ते खरं वाटलं."

मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. वर्षभर ज्या निष्कर्षापर्यंत मुलांना आणायचं होतं, तो एका मुलानं अकरा शब्दांत सांगितला होता. "बरोबर," त्या म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज परका वाटला.

"आता हातखूण," आर्वी म्हणाली. "तुलनेसाठी काहीतरी द्यावं लागतं. इशाननं गंमत म्हणून आपल्या वर्गाचे निबंध टाकलेत."

पडद्यावर एक चाक थोडा वेळ फिरलं. मग उत्तर आलं. छत्तीसपैकी एकतीस निबंधांचं वळण त्या दुरुस्त केलेल्या मेसेजशी जवळचं होतं.

वर्गात गलका झाला.

"आपण तेव्हा तिसरीत होतो की रे!"

"आपण नाही, येड्या. जो आपल्याच मॅडमकडे शिकलाय असा कुणीतरी."

"मॅडमचा जुना विद्यार्थी!"

छत्तीस मुलं होती. उत्तर त्यांच्यासमोर पाच फुटांवर उभं होतं आणि ते एकाच्याही मनात आलं नाही. संशयानं बघितलं असतं तर मॅडमना ते सोसणं सोपं गेलं असतं. पण सगळे त्यांच्याकडे आशेनं बघत होते. मॅडम आता उलगडून सांगतील, असं त्या चेहऱ्यांवर होतं.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'साम्य म्हणजे पुरावा नव्हे'. मग वीस मिनिटं त्यांनी फार सुरेख शिकवलं. हातखूण शक्यता सांगते, खात्री देत नाही. एकच व्याकरणाचं पुस्तक हजारो जण वापरतात. अर्धवट माहितीवरून कुणाकडे बोट दाखवणं म्हणजे आणखी एक अफवा तयार करणं. यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि त्यामागे मॅडम लपल्या होत्या. घंटा झाली तेव्हा त्यांच्या ब्लाऊजची पाठ घामानं भिजली होती.

*

मुलांनी घरी जाऊन सांगायचं ते सांगितलंच. पडद्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला. बुगडे मॅडमचा जुना विद्यार्थी, शिवाय शैलजाची लॅब बंद पडल्यावर ज्याचा फायदा झाला असा माणूस. दोन्हींत बसणारा गावात एकच होता. दिग्विजय चौगुले. बसस्टँडजवळ त्याची लॅब होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबच्या पाटीला काळं फासलेलं होतं.

दुपारी तो शाळेत आला. मुख्याध्यापक शिंत्रे सरांनी मॅडमना बोलावून घेतलं. दिग्विजय खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभा होता. चाळिशीचा, टक्कल पडायला लागलेला माणूस, पण मॅडमसमोर अजून वर्गातल्यासारखाच अवघडून जायचा.

"मॅडम, माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "दहावीला छत्तीस मार्कांवर निघालो. तसलं वाक्य मला जन्मात लिहिता येणार नाही. एवढं तरी सांगा लोकांना. आईला सकाळी दूध घालणाऱ्यानं ऐकवलं. ती तेव्हापासनं जेवली नाही."

"तुम्ही एक निवेदन द्या मॅडम," शिंत्रे सर म्हणाले. "तुमच्या शब्दाला गावात वजन आहे."

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या दिवाणखान्यात शैलजानं हेच मागितलं होतं.

"उद्या सांगते," मॅडम म्हणाल्या.

उरलेल्या दोन तासांना त्यांनी वर्गाला वाचन दिलं आणि स्टाफरूममध्ये निवेदन लिहायला घेतलं. पहिलं लिहिलं त्यात दिग्विजय सुटत होता आणि त्याही सुटत होत्या. दुसरं त्याहून चांगलं जमलं. तिसरं तर इतकं सफाईदार झालं की ते वाचून कुणालाही वाटलं असतं, लिहिणारी बाई किती न्यायी आहे. तो कागद हातात धरून त्या बराच वेळ बसल्या. आपल्याला हे किती सहज जमतं, याची त्यांना भीती वाटली. त्यांनी तिन्ही कागद फाडले आणि शिंत्रे सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, तो मेसेज मी लिहिला होता."

ऐकून घेतल्यावर सर उठले आणि दार लावून आले.

"कुणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका. तुम्ही लॅबविरुद्ध कट केला नव्हता. व्याकरण नीट केलंत. उगम नाव देत नाही, कायद्यानं देऊ शकत नाही. दिग्विजयचं आपण वेगळ्या मार्गानं बघू. चार वर्षांत रिटायर व्हाल तुम्ही. कशाला? कुणालाच कळायचं नाही."

"मला कळलं होतं, सर. सहा वर्षांपूर्वीच. त्यानं काहीही झालं नाही."

*

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला त्यांनी वर्गाला सांगितलं. टेबलाला धरून, उभ्यानं. कुकरच्या तीन शिट्ट्या, वर लिहिलेली थट्टेची ओळ, जावेकडून परत आलेला मेसेज, पुसलेला मेसेज. शैलजा घरी आली तेव्हा आपण काय म्हणालो, तेही सांगितलं. दिग्विजय चौगुलेंचा याच्याशी काही संबंध नाही, हे आजच घरी जाऊन सांगा, असं म्हणून त्या थांबल्या.

पहिल्या बाकावरची एक मुलगी रडायला लागली. इशान वहीच्या कडेवर पेननं रेघा मारत राहिला.

आर्वी बसल्या जागेवरूनच बोलली.

"आत्याला माहीत आहे?"

"नाही. अजून सांगितलं नाही."

"मग आम्हाला आधी का सांगितलंत?"

मुलांसमोर सांगणं अवघड असेल असं त्यांना रात्रभर वाटत होतं. आता कळलं की आपण त्यातल्या त्यात सोपी माणसं निवडली होती. मुलं काय, ऐकून घेणारच.

पुढच्या चार दिवसांत बरंच काही घडलं. शाळा चालवणाऱ्या संस्थेनं खुलासा मागवला. नवा भाग त्यांच्याकडून काढून दुसऱ्या शिक्षकांना दिला. दिग्विजयच्या पाटीचा काळा रंग त्यानं स्वतःच घासून काढला. मॅडम त्याच्याकडे गेल्या तेव्हा तो म्हणाला, "माझं निस्तरलं मॅडम. तुम्ही शैलजाकडे जा." बाजारात बायका त्यांना बघून बोलायच्या थांबत. मॅडमनी मान खाली घालायची नाही असं ठरवलं होतं, पण मान आपोआप खाली जायची.

*

शनिवारी त्या बेळगावच्या बसमध्ये बसल्या.

शैलजा एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरातल्या लॅबमध्ये काम करत होती. मॅडमना बघून तिला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. ती त्यांना कँटीनमध्ये घेऊन गेली. केसांत बऱ्याच पांढऱ्या रेघा आल्या होत्या. ती बसली आणि म्हणाली, "आर्वीचा फोन आला होता. बोला मॅडम."

मॅडम बोलल्या. वर्गात सांगितलं तेच, पण इथं वाक्यं नीट लागेनात. शैलजा ऐकत होती. मध्ये तिनं एकदा घड्याळ बघितलं.

"मला माहीत होतं," मॅडमचं झाल्यावर ती म्हणाली.

"आर्वीनं सांगितल्यावर..."

"नाही. तेव्हाच. दुसऱ्याच दिवशी, माझ्या फोनवर आला तेव्हा. त्यातला अर्धविराम बघितला. दहावीत तुम्ही मला तो सहा निबंधांत गिरवायला लावला होता. बाकी कुणी शिकवतच नव्हतं तो. आणि ते 'विथ डीप रिग्रेट'. शाळेच्या प्रत्येक नोटिशीत तुम्ही लिहायचा."

मॅडमनी कप खाली ठेवला.

"मग तू घरी आलीस ती..."

"तुम्ही म्हणाल म्हणून आले होते." ती साधेपणानं बोलत होती, आवाज न चढवता. "तुमच्या हातात कागद दिला. म्हटलं, आता म्हणतील, शैलजा, हे माझ्या हातून झालं. मग आपण दोघी मिळून काहीतरी करू. तुम्ही चष्मा लावलात आणि सगळं वाचलंत. शेवटपर्यंत. मला तेव्हा तुमचीच लाज वाटायला लागली. म्हणून पटकन पाया पडून निघाले."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी कन्नडमधून मोठ्यानं फोनवर बोलत होतं.

"तू कुणाला सांगितलं का नाहीस?" मॅडमनी विचारलं.

"कुणी ऐकलं असतं? तुम्ही बुगडे मॅडम."

"शैलजा, मी माफी..."

"ती नका मागू." शैलजानं पहिल्यांदाच त्यांना तोडलं. "माझं आता बरं चाललंय. लॅब गेली ती गेली. पण त्या महिन्यात माझ्याकडे नऊ जणांचे रिपोर्ट असे होते की लगेच पुढच्या डॉक्टरांकडे जायला हवं होतं. मेसेजनंतर ते आलेच नाहीत. पाच जणांना मी फोन करकरून दुसरीकडे पाठवलं. चौघांनी फोन घेतला नाही. एकाच्या घरी गेले तर दारातून हाकललं."

तिनं पर्समधून एक कागद काढला. त्यावर चार नावं, गावं आणि प्रत्येकापुढे एक आकडा होता. तिनं तो आधीच लिहून आणला होता.

"यांच्याकडे जा. शैलजाचा रिपोर्ट खरा होता, एवढं सांगा. मी सांगून उपयोग झाला नाही. तुमचं ऐकतील." ती उठली. "आणि आर्वीला वर्गात लाडानं वागवू नका. तिला ते कळेल."

*

पहिलं कुटुंब घर विकून पुण्याला गेलं होतं. दुसऱ्या घरी साखरेचा आजार असलेला म्हातारा जिवंत होता, एक पाय गुडघ्याखाली कापलेला. त्याच्या सुनेनं सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं. आतून तिचा रडण्याचा आवाज आला की भांडण्याचा, हे मॅडमना कळलं नाही.

तिसरं नाव नूलचं होतं. सुशीलाबाई रेडेकर, वय बावन्न. पुढे लिहिलं होतं, क्रिएटिनिन चार पूर्णांक सहा. मूत्रपिंड नीट काम करत नसलं की रक्तात हा आकडा वाढतो, हे मॅडमनी आदल्या दिवशी वाचून घेतलं होतं. बाईंचा आकडा असायला हवा त्याच्या चौपट होता.

घरापुढच्या कट्ट्यावर एक साठीचा माणूस शेंगा फोडत बसला होता.

"सुशीलाबाईंचं घर हेच का?"

"व्हय. मी तिचा मालक. ती न्हाई." त्यांनी शेंग फोडून दाणे सुपात टाकले. "चार वर्सं झाली जाऊन."

मॅडम उभ्याच राहिल्या. परत फिरता आलं असतं. ज्यांना सांगायचं होतं त्या आता नव्हत्या. पण मॅडमनी चपला काढल्या, कट्ट्याच्या कडेला बसल्या आणि सांगितलं. रिपोर्ट खरा होता. मेसेज खोटा होता. तो मेसेज मी नीट करून लिहिला होता.

रेडेकरांचे हात थांबले.

"रिपोट फाडला आमी," ते म्हणाले. "डाक्टरकडं निघालोच हुतो. गाडी सांगितलेली. तवर थोरला म्हणला, बाबा, ती लॅबच बोगस हाय. इंग्रजीतनं मेसेज आलाय. ती बी म्हणली, मला कुटं काय हुतंय, कशाला जायाचं. मग ऱ्हायलं. दीड वर्सानं पाय सुजाय लागलं तवा नेली."

"मी त्यातल्या चुका काढल्या नसत्या, तर त्यावर कुणी विश्वास ठेवला नसता," मॅडम म्हणाल्या. हे सांगितलंच पाहिजे असं त्यांना वाटलं.

रेडेकर त्यांच्याकडे बघत होते. त्या नजरेत राग असता तर मॅडमनी तो घेतला असता. ते नुसतेच बघत होते, समजून घेतल्यासारखे.

"मला इंग्रजी येत न्हाई बाई," ते म्हणाले. "पोरानं बी वाचून दावला न्हाई. नुस्तं म्हणला, खरं हाय. काय लिवलं हुतं त्यात?"

"आता ते कशाला, काका..."

"न्हाई, सांगा. त्येच्यापायी तर झालं समदं. मला ठावं पायजे."

मॅडमना फोन काढायची गरज नव्हती. सहाही वाक्यं त्यांना तोंडपाठ होती. त्यांनी पहिलं मनातल्या मनात मराठीत करून बघितलं आणि म्हणाल्या,

"अत्यंत खेदानं आमच्या निदर्शनास आले आहे की..."

"म्हंजी?"

"म्हणजे, आम्हाला असं कळलंय. आणि त्याचं आम्हाला फार वाईट वाटतंय."

"कुणाला वाईट वाटतंय?"

मॅडमनी ओठ घट्ट मिटले. मग म्हणाल्या, "कुणालाच नाही. ते नुसतं लिहिलंय."

रेडेकरांनी सूप बाजूला सरकवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"बरं," ते म्हणाले. "फुडं काय?"